पहिले नाळरक्त प्रत्यारोपण, पॅरिस १९८८: एका प्रकरणाचा अभ्यास

नाळेतील रक्त गोठवून ठेवण्याच्या योजनांची जाहिरात करताना १९८८ साली पॅरिसमध्ये झालेल्या पहिल्या प्रत्यारोपणाचा दाखला अनेकदा दिला जातो. 'नाळरक्ताने एका मुलाचे प्राण वाचले' एवढेच वाक्य त्यातून आई-वडिलांच्या लक्षात राहते. हे वाक्य खरे आहे, परंतु ते रक्त कोणाचे होते, ते कोणासाठी साठवले होते, त्यावर कोणती प्रक्रिया केली आणि कोणती मुद्दाम टाळली, आणि रोपण रुजले नसते तर पुढे काय करायचे ठरले होते, हे तपशील पाहिल्याखेरीज त्या प्रकरणाचा अर्थ लागत नाही. या टिपणात ते निर्णय क्रमाने मांडले आहेत. रुग्ण मुलाचे आणि त्याच्या कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही. ज्या डॉक्टरांची आणि संशोधकांची नावे आली आहेत, त्यांचे काम प्रकाशित नोंदींत उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला पाच वर्षांचा मुलगा होता आणि त्याला फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार होता. स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ साली या आजाराचे वर्णन प्रथम केले. यात डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये पडलेल्या आडव्या गाठी सोडवण्याची पेशींची क्षमता जन्मतःच सदोष असते. परिणामी गुणसूत्रे सहज तुटतात, आणि बहुतेक मुलांमध्ये वयाच्या पहिल्या दशकातच अस्थिमज्जा हळूहळू निकामी होऊ लागते. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्हींची निर्मिती घटते. मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो, आणि पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते.

या मुलावर ड्यूक विद्यापीठात जोॲन कर्ट्झबर्ग यांच्या देखरेखीखाली उपचार चालू होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आर्लीन आवरबाख या फॅन्कोनी ॲनिमियाच्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवत होत्या. डायइपॉक्सिब्युटेन नावाच्या रसायनाने पेशींची गुणसूत्रे किती तुटतात हे पाहून आजार निश्चित करण्याची चाचणी त्यांनी रूढ केली होती, आणि ती गर्भाच्या पेशींवरही करता येत होती. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलिआन ग्लुकमन यांना फॅन्कोनी रुग्णांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा त्या काळी जगात क्वचितच कोणाला असेल एवढा अनुभव होता.

या वैद्यकीय साखळीपासून पूर्णपणे वेगळ्या वाटेने आलेला आणखी एक विचार या प्रकरणात निर्णायक ठरला. नाळेच्या रक्तात रक्तपेशी तयार करणाऱ्या पूर्वज पेशी असतात, हे १९७४ सालीच प्रयोगशाळेत दिसले होते, तरीही प्रसूतीनंतर वारेबरोबर ते रक्त टाकूनच दिले जात असे. न्यूयॉर्कमधील प्रतिकारशक्तीशास्त्रज्ञ एडवर्ड बॉइस यांनी हे टाकाऊ रक्त प्रत्यारोपणासाठी वापरता येईल काय असा प्रश्न उपस्थित केला. किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना नवजात उंदरांचे रक्त दिल्यावर ते जगतात, हे त्यांच्या गटाने दाखवले. माणसाच्या नाळरक्ताचा अभ्यास मात्र इंडियानापोलिसच्या हॅल ब्रॉक्समायर यांनी हाती घेतला. प्रसूतिगृहांतून आलेल्या शंभराहून अधिक नमुन्यांमध्ये पूर्वज पेशी किती आहेत, त्या प्रवासात किती टिकतात आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावर किती हाती लागतात, हे त्यांनी मोजले.

समस्या

मुलाला प्रत्यारोपणाची गरज होती, आणि त्यासाठी एचएलए प्रथिनांची (पेशींवरील ज्या खुणांवरून शरीर आपले-परके ओळखते त्यांची) पूर्ण जुळणी असलेला निरोगी भाऊ किंवा बहीण हाच सर्वांत सुरक्षित दाता होता. आई पुन्हा गरोदर होती. गर्भाच्या चाचण्यांमधून तीन गोष्टी समजल्या: होणाऱ्या मुलीला फॅन्कोनी ॲनिमिया नाही, तिची गुणसूत्रे सामान्य आहेत आणि तिची एचएलए जुळणी आजारी भावाशी पूर्ण आहे. आजार नसण्याची शक्यता चारात तीन आणि जुळणी पूर्ण असण्याची शक्यता चारात एक असते. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे वारशात येतात असे धरले, तर त्या एकत्र येण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे पाचात एकाहूनही थोडी कमी निघते. या कुटुंबाच्या बाबतीत नशिबाचा वाटा किती मोठा होता हे यावरून कळावे. जाहिरातींत हा आकडा सहसा येत नाही.

दाता सापडला होता, पण तो अजून जन्माला यायचा होता. जन्मानंतरही तान्ह्या बाळाची मज्जा काढायची म्हणजे त्याला पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडांत सुया घालायच्या, आणि तेही बाळाला स्वतःला काहीही आजार नसताना. बाळाच्या लहान शरीरातून पाच वर्षांच्या मुलाला पुरेशी मज्जा निघण्यासाठी काही काळ थांबणे भाग होते, आणि त्या काळात भावाची प्रकृती कशी राहील याचा भरवसा नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रक्त आणि प्लेटलेट देत राहण्याचा आणि पुरुष संप्रेरकांसारख्या औषधांनी मज्जेला काही काळ चालना देण्याचा होता. काही मुलांना त्याने वेळ मिळतो, पण आजार हटत नाही. शिवाय वरचेवर रक्त घेतल्याने शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि पुढे होणाऱ्या प्रत्यारोपणाची कलमे रुजणे अवघड होते. त्यामुळे हा मार्ग जितका लांबवावा तितका पुढच्या उपचाराला महाग पडणारा होता.

दुसरा पर्याय नात्याबाहेरचा दाता शोधण्याचा होता. अमेरिकेतील राष्ट्रीय दातानोंदणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि नोंदवलेल्या दात्यांची संख्या फार थोडी होती. फॅन्कोनीच्या रुग्णाला नात्याबाहेरची मज्जा देण्याचे परिणाम त्या काळी इतके निराशाजनक होते की, जुळणारी बहीण मिळणार असताना हा विचार फार पुढे नेण्याचे कारण नव्हते.

तिसरा पर्याय बहीण थोडी मोठी होईपर्यंत थांबून तिची मज्जा घेण्याचा होता. वैद्यकीय दृष्टीने हाच रूढ आणि पारखलेला मार्ग होता, आणि नाळरक्त अजिबात उपलब्ध नसते तर डॉक्टरांनी बहुधा हाच स्वीकारला असता.

चौथा पर्याय, म्हणजे जन्माच्या क्षणी नाळेचे रक्त गोळा करून ते गोठवणे आणि मज्जेऐवजी तेच देणे, माणसात कोणीही केलेला नव्हता. एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी मज्जेच्या मानाने बऱ्याच कमी असतात. त्या पाच वर्षांच्या मुलाची पूर्ण रक्तनिर्मिती उभी करू शकतील का? गोठवून महिनोन्‌महिने ठेवल्यावर त्यातल्या किती जिवंत राहतील? आईच्या काही प्रतिकारपेशी त्या रक्तात मिसळल्या असतील, तर त्या मुलाच्या शरीरावर हल्ला करतील का? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना ब्रॉक्समायर यांच्या मोजणीने अंशतः उत्तर दिले होते. नाळेतील पूर्वज पेशींची संख्या यशस्वी मज्जारोपणांत वापरल्या जाणाऱ्या संख्येच्या पल्ल्यात येते, असे त्यांना आढळले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णावर प्रयोग केल्याखेरीज मिळणारे नव्हते.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग असा की, चौथा पर्याय निवडल्याने तिसरा बंद होत नव्हता. नाळरक्त रुजले नाही, तर तोवर काही महिन्यांची झालेली तीच बहीण मज्जा देण्यासाठी उपलब्ध होती. धाडस मोठे होते, पण परतीची वाट मोकळी ठेवून केलेले होते.

संकलन आणि गोठवणूक: मुद्दाम टाळलेल्या दोन पायऱ्या

नाळरक्ताचे संकलन प्रसूतीनंतर काही मिनिटांत करावे लागते, आणि ती संधी दुसऱ्यांदा मिळत नाही. नाळ चिमटा लावून कापल्यावर वारेच्या बाजूच्या शिरेत सुई घालून रक्त गोठू नये म्हणून द्रव भरलेल्या पिशवीत ते उतरवले जाते. सहसा साठ ते सव्वाशे मिलिलिटर रक्त मिळते, कधी त्याहून कमी. या मुलीच्या जन्माच्या वेळी जे मिळाले ते इंडियानापोलिसला ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. वाटेतल्या वेळाची फारशी चिंता नव्हती, कारण नाळरक्त चार किंवा पंचवीस अंश सेल्सियस तापमानाला तीन दिवस तसेच ठेवले तरी पूर्वज पेशींची संख्या फारशी घटत नाही, मात्र सदतीस अंशाला ती टिकत नाही, हे आधीच मोजलेले होते. ही मोजणी नसती तर प्रसूती एका शहरात, प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात आणि प्रत्यारोपण तिसऱ्या देशात, ही सगळी योजनाच उभी राहिली नसती.

यापुढचा निर्णय प्रक्रियेचा होता, आणि आजच्या कोणत्याही नाळरक्तपेढीतील तंत्रज्ञाला तो चकित करील. गोठवण्यापूर्वी लाल पेशी काढून टाकून पिशवीतला ऐवज कमी करणे हे स्वाभाविक वाटते. लाल पेशींचा रुग्णाला उपयोग नसतो, गोठवताना त्या फुटतात आणि वितळवल्यावर त्यांचे हिमोग्लोबिन मोकळे होऊन मूत्रपिंडांवर भार टाकू शकते. परंतु लाल पेशी किंवा ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळे करण्याच्या तेव्हा उपलब्ध असलेल्या पद्धती वापरल्या, की त्यांच्याबरोबर पूर्वज पेशीही मोठ्या प्रमाणात निघून जात होत्या. वितळवलेल्या पेशी धुतल्या की पुन्हा तेच होत होते. ब्रॉक्समायर यांनी म्हणून रक्त जसेच्या तसे, काहीही वेगळे न करता गोठवले. डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य मिसळले. हे द्रव्य पेशीच्या आत टोकदार बर्फकण तयार होऊ देत नाही, पण खोलीच्या तापमानाला फार वेळ राहिले तर ते स्वतःच पेशींना अपायकारक ठरते. म्हणून ते थंड अवस्थेत मिसळायचे, तापमान मिनिटाला सुमारे एक अंशाच्या गतीने खाली आणायचे आणि मग पिशवी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवायची, अशी ही पद्धत होती.

एकच पिशवी, एकच रुग्ण आणि पुन्हा न मिळणारा ऐवज, अशा परिस्थितीत प्रत्येक पेशी वाचवणे हे रक्त स्वच्छ करण्यापेक्षा महत्त्वाचे मानले गेले. त्या वेळच्या माहितीवर तो निर्णय बरोबर होता. हाच निर्णय हजारो पिशव्या साठवणाऱ्या पेढीला लागू करता येत नाही, हे पुढे काही वर्षांतच स्पष्ट झाले. त्याकडे खाली वळू.

पॅरिसमधील निर्णय

रक्त गोठलेल्या अवस्थेतच, द्रवरूप नायट्रोजन शोषून घेणाऱ्या अस्तराच्या शुष्क वाहक पात्रातून विमानाने पॅरिसला नेण्यात आले. मुलाची पूर्वतयारी ग्लुकमन यांच्या गटाने फॅन्कोनी रुग्णांसाठी खास बेतलेल्या पद्धतीने केली. एरवी मज्जारोपणापूर्वी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध मोठ्या मात्रेत देऊन रुग्णाची मज्जा रिकामी केली जाते, पण फॅन्कोनीच्या पेशी डीएनएला आडवे जोडणाऱ्या औषधांना आणि किरणोत्साराला विलक्षण संवेदनशील असतात, त्यामुळे नेहमीची मात्रा या मुलांच्या जिवावर उठते. ग्लुकमन यांनी तीच संवेदनशीलता कामाला लावली. शरीराच्या वजनाच्या दर किलोला एकूण वीस मिलिग्रॅम एवढीच, म्हणजे नेहमीच्या मात्रेचा अगदी लहान भाग, आणि छाती व पोटाच्या भागावर पाच ग्रे किरणोत्सार, एवढ्यावर काम भागवले. रोपित पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये, म्हणजे ज्याला डॉक्टर जीव्हीएचडी म्हणतात ते टळावे, यासाठी सायक्लोस्पोरिन दिले.

६ ऑक्टोबर १९८८ रोजी पिशवी वितळवून, पेशी न धुता, मुलाच्या शिरेतून देण्यात आल्या. प्रत्यक्ष रोपण दिसायला साध्या रक्तसंक्रमणासारखेच असते आणि तेवढ्याच वेळात आटोपते. डायमिथाइल सल्फॉक्साइडमुळे रुग्णाला मळमळ होऊ शकते, रक्तदाब बदलू शकतो आणि श्वासाला लसणासारखा वास येतो, पण न धुण्याचा निर्णय आधीच झाला असल्याने ही किंमत मान्य केलेली होती.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मज्जा दिल्यावर पांढऱ्या पेशी साधारण दोन ते तीन आठवड्यांत वर येऊ लागतात. नाळरक्तात पेशी कमी आणि अधिक अपरिपक्व असल्यामुळे त्यांना जास्त वेळ लागतो, ही गोष्ट आज सर्वांना माहीत आहे, पण १९८८ मध्ये ती कोणालाही अनुभवाने माहीत नव्हती. दोन आठवडे उलटून गेले आणि पेशी दिसत नसल्या, तर ते अपयश समजून बहिणीची मज्जा घ्यायची, की आणखी वाट पाहायची? राखीव दाता असण्याचा फायदा इथे दुहेरी होता. तो असल्यामुळे थांबण्याचे धैर्य ठेवता आले, आणि तो असल्यामुळेच थांबण्याला एक शेवटची मर्यादाही आखता आली.

परिणाम

बाविसाव्या दिवशी रोपण रुजल्याची पहिली चिन्हे दिसली. त्यानंतर मुलाची रक्तनिर्मिती पूर्णपणे बहिणीच्या पेशींवर उभी राहिली. जीव्हीएचडी झाला नाही आणि बहिणीची मज्जा काढण्याची वेळ आली नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात हा वृत्तान्त ऑक्टोबर १९८९ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणानंतर प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षांनंतरही तो रुग्ण प्रौढ, निरोगी माणूस म्हणून जगत होता.

एक मर्यादा मात्र नोंदवायला हवी. प्रत्यारोपणाने रक्त बदलते, शरीराच्या इतर पेशी बदलत नाहीत. फॅन्कोनीचा दोष तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या पेशींमध्ये तसाच राहतो, आणि त्या भागांत कर्करोग होण्याचा वाढीव धोका अशा रुग्णांना आयुष्यभर सांभाळावा लागतो. 'पूर्ण बरा झाला' हे शब्द म्हणून जपूनच वापरलेले बरे.

या यशाची एक व्यापारी शेपटीही होती. बॉइस आणि सहकाऱ्यांशी संबंधित बायोसाइट या कंपनीने नाळरक्त गोठवून प्रत्यारोपणासाठी वापरण्यावर पेटंट मिळवले. युरोपमध्ये १९९६ मध्ये मंजूर झालेले पेटंट १९९९ मध्ये रद्द झाले, आणि त्या घराण्यातली अमेरिकी पेटंटे पुढे न्यायालयात टिकली नाहीत. ती टिकली असती, तर सार्वजनिक पेढ्यांचा पुढचा इतिहास फार वेगळा झाला असता.

प्रक्रियेचा निर्णय उलटा का फिरला

१९९२ मध्ये न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टीन यांनी पहिली सार्वजनिक नाळरक्तपेढी उभारली. आता रक्त एका ठरलेल्या भावासाठी साठवायचे नव्हते, जगात कुठेही जुळणारा अनोळखी रुग्ण सापडेल म्हणून हजारोंच्या संख्येने साठवायचे होते. न घटवलेली प्रत्येक पिशवी नायट्रोजनच्या टाकीत कित्येक पट जागा अडवते, तिला संरक्षक द्रव्य जास्त लागते, आणि ते सगळे द्रव्य शेवटी रुग्णाच्या शरीरात जाते. रुबिनस्टीन यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नाळरक्तात हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च मिसळले. त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात आणि वरचा पांढऱ्या पेशींचा थर जवळजवळ संपूर्ण हाती लागतो. ऐवज सुमारे वीस मिलिलिटरवर आणून त्यात संरक्षक द्रव्य मिसळले, की पंचवीस मिलिलिटरची सुटसुटीत पिशवी तयार होते. वितळवल्यावर डेक्स्ट्रान आणि अल्ब्युमिनच्या द्रावणात पेशी हळूहळू पातळ करून मग धुतल्या, तर त्या फुटत नाहीत, हेही त्यांनी दाखवले. ब्रॉक्समायर यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यांच्या हाती असलेल्या पद्धतींपुरते ते खरेच होते. पद्धत सुधारली आणि साठवणुकीचा हेतू बदलला, म्हणून उत्तर बदलले.

आज हेच प्रकरण हाताळायचे तर

पिशवी एकसंध न ठेवता दोन कप्प्यांची वापरली जाईल, आणि तिला जोडलेल्या नळीचे छोटे तुकडे त्याच रक्ताने भरून सील केले जातील. रोपणापूर्वी असा एक तुकडा वितळवून पेशी जिवंत आहेत का, त्या प्रयोगशाळेत वाढून नव्या पेशींचे पुंजके (वसाहती) तयार करतात का आणि एचएलए जुळणी खरोखर त्याच मुलाची आहे का, हे मुख्य पिशवीला हात न लावता तपासता येते. ओळखीची खात्री रक्ताच्याच भागावरून होणे हे चिठ्ठीवरच्या क्रमांकापेक्षा कितीतरी विश्वसनीय आहे.

जंतुसंसर्गाच्या तपासणीत तर जमीन-अस्मानाचे अंतर पडले आहे. एचआयव्हीची चाचणी १९८५ पासून उपलब्ध होती, पण हेपटायटिस सी विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली. म्हणजे १९८८ च्या पिशवीत तो नाही, हे कोणीही कोणत्याही चाचणीने सांगू शकले नसते. आज आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, हेपटायटिस बी व सी, सिफिलिस इत्यादी चाचण्या होतात आणि पिशवीतील रक्ताची जिवाणू व बुरशीसाठीही तपासणी होते. पेशींच्या मात्रेबाबतही अंदाजावर विसंबावे लागत नाही. वितळवण्यापूर्वी रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान अडीच ते तीन कोटी केंद्रकयुक्त पेशी असाव्यात, असा दंडक बहुतेक केंद्रे पाळतात. तेवढ्या नसल्या तर त्याच भावंडाची थोडी मज्जा जोडीला देण्याचा मार्ग खुला असतो. पूर्वतयारीतही फॅन्कोनीच्या मुलांना किरणोत्सार टाळून फ्लुडाराबिन हे औषध देण्याकडे कल आहे, कारण ज्यांना मुळातच कर्करोगाचा धोका आहे त्यांच्यावर किरणोत्साराचे ओझे टाकणे नंतर महागात पडते.

सर्वांत अवघड बदल प्रसूतीच्या खोलीत आहे. त्या काळी बाळ बाहेर आल्याबरोबर नाळ कापत, त्यामुळे वारेत भरपूर रक्त उरत असे. आता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किमान एक मिनिट थांबण्याची आहे, कारण ते रक्त बाळाला मिळाले की त्याचा लोहसाठा वाढतो. बाळाला जितके जास्त मिळेल तितके पिशवीला कमी उरते. पेढीत सहज ठेवण्यासाठी ही पद्धत बदलू नये, मात्र घरातल्या एखाद्या ठरलेल्या रुग्णासाठी वैद्यकीय कारणाने संकलन करायचे असेल तर अपवादाचा विचार करता येईल, अशी अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. ती मला योग्य वाटते. तरीही हा अपवाद करायचा की नाही हे प्रसूतीच्या ऐन वेळी ठरवू नये. प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर यांनी आई-वडिलांशी आधीच बोलून ते लेखी ठरवावे, आणि बाळाची प्रकृती नाजूक असल्यास संकलन सोडून द्यायचे हेही त्यातच नोंदवावे.

भारतातील कुटुंबासाठी या प्रकरणाचा अर्थ

आपल्याकडे या प्रकरणाच्या सर्वांत जवळ जाणारी परिस्थिती थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलाच्या घरी येते. तोही आई-वडील दोघेही वाहक असताना चारात एक या प्रमाणात होणारा आजार आहे, त्यात गर्भाची चाचणी शक्य आहे (मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत यावर दीर्घकाळ काम झाले आहे), आणि जुळणाऱ्या भावंडाचे नाळरक्त त्यात उपयोगी पडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासात जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झालेल्या थॅलेसेमिया रुग्णांपैकी सहा वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण मज्जा दिलेल्यांत ८६ टक्के आणि नाळरक्त दिलेल्यांत ८० टक्के होते, आणि नाळरक्त मिळालेल्यांत व्यापक स्वरूपाचा दीर्घकालीन जीव्हीएचडी आढळला नाही. अशा घरात दुसरे मूल होणार असेल, तर प्रसूतीच्या काही महिने आधीच प्रत्यारोपण केंद्राशी बोलून संकलनाची व्यवस्था करणे योग्य ठरते.

भारतात नाळरक्तपेढ्यांसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१२ पासून स्वतंत्र तरतुदी आहेत आणि परवान्याशिवाय पेढी चालवता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खासगी साठवणुकीचा सल्ला एकाच परिस्थितीत दिला आहे: घरातल्या मोठ्या मुलाला या पेशींनी बरा होऊ शकणारा आजार आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी साठवण करण्याला शास्त्रीय आधार नाही, असेही त्यात म्हटले आहे. पॅरिसच्या मुलाची स्थिती या अटीत तंतोतंत बसते, आणि म्हणूनच माहितीपत्रकांत त्याचा दाखला ज्या हेतूने दिला जातो तो हेतू त्यातून सिद्ध होत नाही. त्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्याचे स्वतःचे नाळरक्त साठवलेले असते तर त्याचा काहीच उपयोग झाला नसता, कारण त्यातल्या प्रत्येक पेशीत फॅन्कोनीचा तोच दोष होता. ज्या घरात आजारी मूल नाही, तिथल्या आई-वडिलांनी वार्षिक हप्त्याच्या करारावर सही करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे, की कोणत्या आजारासाठी आणि कोणाला हे रक्त द्यायचे आहे.